पाठीवरचा मुलूख

माळेगावच्या यात्रेत गाढव घेणारा माणूस आधी त्याचं तोंड उघडतो. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं हे माळेगाव. मार्गशीर्ष सरताना इथं खंडोबाची यात्रा भरते, आणि घोडे, उंट, बैल यांच्या बाजाराबरोबर गाढवांचाही बाजार उभा राहतो. घेणारा खालच्या ओठाला अंगठा लावून समोरचे दात बघतो. पुढचे दोन पक्के दात आलेले असले की जनावर दोन दाती, म्हणजे अडीच-तीन वर्षांचं. चार दाती असलं तर चौथ्या वर्षाच्या आसपासचं. सगळे दात भरले की पाचाच्या पुढचं आणि ओझ्याला पुरतं तयार. मग तो पाठीवरून उलटा हात फिरवतो, कारण जुनी जखम केसांखाली डोळ्याला दिसत नाही, बोटांना मात्र लागते. एकेक खूर उचलून बघतो, चार पावलं चालवून बघतो. भावाचं बोलणं त्यानंतर.

ही पारख कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही. ती आहे वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, परीट यांच्या घरांत. बापानं मुलाला हाताला धरून शिकवलेली. पौष पौर्णिमेला जेजुरीच्या बंगाली पटांगणात आणि होळीपासून पाडव्यापर्यंत चालणाऱ्या मढीच्या कानिफनाथ यात्रेत हीच माणसं पुन्हा भेटतात. सौराष्ट्रातून आलेलं उंच काठेवाडी गाढव आणि आपल्याकडचं बुटकं, राखाडी गावरान गाढव यांच्या भावात मोठं अंतर असतं. पूर्वी याच यात्रांत सोयरिकी जुळत, जातपंचायती बसत, उधारी फिटत. वर्षभर वाटेवर असणाऱ्या माणसांना एकमेकांना गाठायचं तर ठरलेली तिथी आणि ठरलेलं ठिकाण लागतं. ते गाढवांच्या बाजारानं दिलं.

मुरुडला राहणाऱ्या माणसाला या जनावराचा माग काढावासा वाटतो त्याला कारण आहे. लातूर-बार्शी रस्त्यावरचं हे गाव, आजूबाजूला काळी जमीन आणि खाली काळा दगड. इथं जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या, विहिरी दगडाने बांधलेल्या, देवळांचे ओटे दगडाचे. हा दगड आणि ही माती कुणाच्या तरी पाठीवरून जागेवर आली. बैलगाडीला रस्ता लागतो. खाणीतून वर येणारी चढण, गावातला बोळ, विहिरीच्या काठची निसरडी पाऊलवाट, इथं गाडी चालत नाही. तिथं गाढवच चालतं. आपल्या मुलखाचा बराचसा भाग असा त्याच्या पाठीवरून गेलेला आहे, आणि त्याची नोंद मात्र आपण जवळजवळ ठेवलेलीच नाही.

गाढव मूळचं आपल्याकडचं नाही. कच्छच्या छोट्या रणात जे रानगाढव दिसतं, ती वेगळी जात. ते कधी माणसाच्या ओझ्याला लागलं नाही. आपल्या ओळखीचं गाढव आफ्रिकेतल्या रानगाढवापासून आलं. २०२२ साली जनुकांच्या अभ्यासातून असं पुढं आलं की सुमारे सात हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत ते एकदाच माणसाळवलं गेलं आणि तिथून जगभर पसरलं. इजिप्तमध्ये अबायडोस इथं पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाच्या दफनस्थळाजवळ दहा गाढवं नीट पुरलेली सापडली. त्यांच्या हाडांवर ओझ्याच्या ताणाच्या खुणा होत्या. आयुष्यभर ती राबली होती, आणि मेल्यावर त्यांना राजाशेजारी जागा मिळाली होती. ऋग्वेदातही अश्विनीकुमारांच्या रथाला रासभ जोडलेला आहे. म्हणजे या जनावराच्या वाट्याला सुरुवातीपासून हेटाळणीच होती असं नाही.

मराठी मुलखात मात्र त्याची पहिली ठळक नोंद दगडावर होते ती शिवीच्या रूपात. शिलाहार आणि यादवांच्या काळात जमिनीचं दान दिलं की शिळा उभी करत. वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा मजकूर, आणि खाली गाढव व बाई यांचं कोरीव चित्र. हे दान जो मोडेल त्याच्या आईला हा शाप, असा त्याचा अर्थ. यालाच गधेगाळ म्हणतात. अलिबागजवळच्या अक्षी इथल्या अशा शिळेवरचं वर्ष शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असं वाचलं जातं, आणि मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत तिची गणना होते. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०८ चा शिलालेखही असाच, तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मराठी भाषा दगडावर उमटू लागली तेव्हाच गाढव तिच्यासोबत उमटलं, पण धमकी म्हणून. ज्या बाईचा काडीचाही संबंध नाही, तिला आणि त्या मुक्या जनावराला एकत्र शिक्षा. या शिळा बघताना मला त्या दोघांचं वाईट वाटतं.

पुढची नोंदही तशीच. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं जाळलं, गावावर गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकून तिला तुटकी वहाण आणि केरसुणी बांधली. इथं पुन्हा वस्ती होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. जिजाबाई आणि बालशिवाजी यांनी त्याच भूमीवर सोन्याचा नांगर फिरवून गाव वसवलं, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. पण ते पुणं पुन्हा उभं करायला दगड, चुना, माती, वाळू कुणी वाहिली, याचा विचार त्या गोष्टीत येत नाही. गाव उजाड करायला गाढव नांगराला जुंपलं तर ते इतिहासात आलं. गाव बांधायला राबलं तेव्हा ते कुणाला दिसलं नाही.

तोंडाला काळं फासून गाढवावरून धिंड काढणं ही शिक्षा तर कालपरवापर्यंत चालत आली. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून वाजतगाजत मिरवतात. गेली आठ-नऊ दशकं ही प्रथा आहे, आणि मिरवणूक झाली की जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी मिळते. अपमान हसण्यावारी गेला, शेवटी मानही मिळाला, पण तो जावयाला. अकोटला मात्र भोई समाजाची माणसं गाढवांचा पोळा करतात. वर्षभर वाळू-माती वाहणाऱ्या जनावराला धुऊन, रंगवून, सजवून पूजतात. ही प्रथा मला विशेष मोलाची वाटते, कारण तिथं गाढवाचा मान गाढवालाच मिळतो.

आणि एक नोंद पैठणची. एकनाथ महाराज काशीहून रामेश्वराला गंगेची कावड नेत असताना वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं, आणि त्यांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. ही कथा आपण भूतदयेची म्हणून सांगतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. गाढव हे कोरड्या मुलखाचं जनावर, शरीराच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं पाणी गेलं तरी तग धरणारं आणि पाणी मिळताच थोड्या वेळात सावरणारं. ते तहानेनं आडवं झालं म्हणजे त्याच्याकडून किती काम घेतलं गेलं असेल, हे गाढव पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आता आपल्या भागातल्या कामाकडे येऊ. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती शेतातली नव्हे. शेत ती काळी, गाव ती पांढरी. जुन्या गढीच्या, पडक्या वस्तीच्या ढिगाऱ्यातली ही माती पाणी झिरपू देत नाही. मृगाच्या आधी ती खणून आणायची आणि माळवदावर नवा थर द्यायचा, हे दरसालचं काम. माती गाढवावरून येई. पाठीवर गोणपाटाची घडी, तिच्यावर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोण, दोन्हीकडे सारखी माती, कारण एक बाजू जड झाली की गोण घसरते आणि कणा सोलवटतो. चार-सहा गाढवांची रांग, पुढचं जाणतं, वाट पाठ असलेलं. दोन खेपांनंतर मागून हाकायलाही लागत नाही. खणतीवर भरून दिलं की ती आपली आपण गावात येतात आणि घरापाशी थांबतात.

कुंभारवाड्यात तर गाढव नुसतं ओझ्याचं नाही, ते मडक्यातच आहे. तळ्याची माती गाढवानं आणायची, आणि त्याच गाढवाची लीद वाळवून, कुटून, चाळून त्या मातीत कालवायची. हाताला लागेल असं एकही काडीकुसूळ राहता कामा नये, इतकी ती बारीक चाळतात. मग माती तुडवायची, मळायची आणि चाकावर घ्यायची. भट्टीत मडकं भाजलं की लिदीतले तंतू जळून जातात आणि त्यांच्या जागी डोळ्याला न दिसणारी छिद्रं उरतात. त्यांतून पाणी हळूहळू पाझरतं, वाऱ्यानं वाळतं, आणि आतलं पाणी गार होतं. वैशाखात माठातलं पाणी पिऊन जीव थंड होतो, त्यात कुंभाराच्या हाताइतकाच गाढवाच्या खाण्याचाही वाटा आहे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात याहून मोठा उपकार कोणता?

घाटमाथ्यावरचे किल्ले, नदीकाठचे घाट, गावतळी, ओढ्यावरचे बांध, सगळीकडे हेच. वडारांत तर कामावरून पोटभेद पडले. गाडीवर दगड वाहणारे गाडीवडार, माती खणून वाहणारे मातीवडार, जाती-पाटे घडवणारे जातेवडार. इंग्रजी अमदानीत रेल्वे आली तेव्हा भरावाच्या कामावर वडारांची टोळी असली की मुकादम निश्चिंत असे. १८६३ मध्ये बोरघाट चढून रेल्वे वर आली, त्याच्या आधीची सात वर्षं हजारो माणसांनी ते डोंगर फोडले, त्या काळाच्या लेखनात या मातीकामगारांचा उल्लेख वारंवार येतो. आमच्याकडे रेल्वे आली ती छोटी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरनं १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी गेजची लाईन सुरू केली, तीच पुढे वाढत वाढत १९११ मध्ये लातूरला पोचली. मुरुड त्याच वाटेवरचं स्टेशन. कॅल्थ्रॉपचं नाव रेल्वेच्या पुस्तकांत आहे, इंजिनांचे आकडे आहेत, डब्यांचे नकाशे आहेत. भरावाची माती टाकणाऱ्या हातांचं नाव कुठंच नाही.

ज्या माणसांनी ही माती उपसली त्यांच्याकडे सरकार कसं बघत होतं? १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, तो सुरुवातीला उत्तरेकडे लागू होता. १९११ मध्ये तो विस्तारला आणि मुंबई इलाख्यातल्या भटक्या जमातीही त्यात आल्या. कैकाडी त्यांतलेच. गाढवावर संसार लादून गावोगाव जाणारा माणूस म्हणजे संशयित, त्यानं पोलीसपाटलाकडे हजेरी द्यायची, ठरल्या जागेवर राहायचं. सोलापूरला अशा जमातींसाठी सेटलमेंट होती. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, पण गावाची नजर कायद्यानं बदलत नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, आणि गाढवांच्या पाठीवरचा कैकाड्यांचा संसार मराठी वाचकानं पहिल्यांदा आतून पाहिला. पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर निदान वाचणाऱ्या मराठी माणसाला तरी गाढवामागून चालणाऱ्याचा चेहरा दिसला.

गाढवाचा माग काढत गेलं की मागून चालणाऱ्या माणसाचाही माग लागतो. त्याच्याविषयी जे बोललं गेलं तेच गाढवाविषयी बोललं गेलं. हे आपल्यापुरतंच आहे का, हे बघायला जरा दूर, अमेरिकेत जाऊ.

अमेरिकेत गाढव नेलं ते स्पॅनिश लोकांनी. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीच्या काळातच ते कॅरिबियन बेटांवर उतरलं, मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींत राबलं, आणि १५९८ मध्ये ओन्याते या स्पॅनिश मोहीमकऱ्याच्या तांड्याबरोबर रिओ ग्रान्दे ओलांडून उत्तरेला गेलं. १८४९ च्या कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीनंतर पश्चिमेचे वाळवंटी डोंगर खनिजं शोधणाऱ्या एकट्या-दुकट्या माणसांनी भरून गेले. प्रत्येकाच्या सोबत एक गाढव. त्याच्या पाठीवर कुदळ, फावडं, पीठ, खारवलेलं मांस, पाण्याचं पिंप. घोड्याला दाणा लागतो, खेचर महाग पडतं, गाढव काटेकुटे खाऊन आणि दोन दिवसांनी पाणी पिऊन चालतं. आपल्या वडारानं जे हेरलं तेच तिथल्या खाणशोध्यानं हेरलं.

तिथं मात्र गाढवाच्या गोष्टी तयार झाल्या आणि लोकांनी त्या जपल्या. १८८५ मध्ये आयडाहोत नोआ केलॉग नावाच्या माणसाला शिशा-चांदीची मोठी खाण सापडली. त्याला रसद आणि गाढव पुरवणाऱ्या दोघांनी, कूपर आणि पेक यांनी, कोर्टात दावा लावला की त्या शोधात आमचाही हिस्सा आहे. न्यायाधीशानं निकालात खाण शोधणाऱ्यांमध्ये त्या गाढवाचंही नाव धरलं आणि दावेदारांना हिस्सा दिला. केलॉगच्या नावानं तिथं गाव वसलं. १९०० साली नेवाडात जिम बटलर नावाच्या शेतकऱ्याचं गाढव रात्री सुटून गेलं. त्याला शोधत तो एका खडकापाशी पोचला, आणि तिथला दगड उचलला तर तो चांदीचा निघाला. त्यातून टोनोपा हे शहर उभं राहिलं, आणि त्या खाणीनं मोडकळीला आलेल्या नेवाडा राज्यात पुन्हा जीव आला, असं मानतात. गोष्टीत थोडी भर पडली असेलही. पण गाढवाला शहराचा जनक म्हणायला त्या लोकांना लाज वाटली नाही.

अर्थात हे सगळं पडीक जमिनीवर चाललं नव्हतं. शोशोनी, पायूट यांसारख्या मूळ रहिवाशांच्या मुलखात ही माणसं घुसली होती, आणि खाणींमागोमाग त्यांचं पाणी, त्यांचं रान गेलं. गाढवाचा गौरव सांगताना हे वगळणं मला योग्य वाटत नाही. आणि गौरवही लगेच झालेला नाही. मोटारी आल्या, ट्रक आले, खाणी बंद पडल्या, तसे शोध्यांनी गाढवांना मोकळं सोडून दिलं. ती रानात वाढली. ग्रँड कॅन्यनच्या राष्ट्रीय उद्यानात रान खराब होतं म्हणून १९२४ पासून पुढच्या चार-साडेचार दशकांत अडीच हजारांहून जास्त गाढवांना गोळ्या घातल्या गेल्या. मग लोक उभे राहिले. नेवाडातल्या व्हेल्मा जॉन्स्टन या बाईंनी रानटी घोड्यांसाठी चळवळ चालवली, देशभरच्या शाळकरी मुलांनी पत्रं लिहिली, आणि १५ डिसेंबर १९७१ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीनं कायदा झाला. सरकारी जमिनीवरचे मोकळे घोडे आणि गाढवं पश्चिमेच्या इतिहासाची जिवंत खूण आहेत आणि त्यांना त्रास देता येणार नाही, असं त्या कायद्यात आलं. पुढं ग्रँड कॅन्यनमध्ये पुन्हा गाढवं मारायची वेळ आली तेव्हा फंड फॉर अॅनिमल्स या संस्थेनं १९८० आणि ८१ मध्ये ५७७ गाढवं हेलिकॉप्टरला लटकवून वर काढली आणि लोकांना पाळायला दिली. कोलोरॅडोत १९४९ पासून दरवर्षी खाणशोध्यांच्या आठवणीत गाढवाबरोबर डोंगर पळत चढण्याची शर्यत होते.

तिथलं गाढव आणि आपलं गाढव एकच. काम एकच, ओझं एकच. मग एकाला कायदा आणि दुसऱ्याला शिवी, असं का? मला याचं एकच उत्तर सुचतं. तिथल्या गाढवाचा मालक, तो कितीही फाटका असो, त्या देशाच्या गोष्टीत नायक ठरला. त्याला पायवाट काढणारा म्हटलं गेलं, म्हणून त्याच्या जनावरालाही मान मिळाला. आपल्या गाढवाचा मालक तलाव बांधून, भिंत बांधून, भराव घालून पुढच्या गावी गेला, आणि मागे राहिलेल्यांनी त्याला उपरा म्हटलं. जनावराची किंमत मालकाच्या जातीवर ठरली.

आता ते जनावरच कमी होत चाललं आहे. ट्रॅक्टर आला, टेम्पो आला, जेसीबीनं एका तासात गाढवांच्या आठवडाभराच्या खेपा संपवल्या. माळवदं तर आमच्या डोळ्यांसमोर गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा सगळ्यांत जास्त माणसं गेली ती दगडमातीच्या भिंतींखाली आणि दरसाल थर चढत गेलेल्या माळवदाच्या मातीखाली. ज्या मातीनं उन्हाळ्यात घर गार ठेवलं तीच रात्रीत अंगावर आली. पुनर्वसनाची घरं सिमेंटची झाली, आणि भूकंप न झालेल्या गावांतही लोकांनी माळवदाचा धसका घेतला. पांढरी माती खणायला आता कुणी जात नाही. हे बरंच झालं, जिवापेक्षा घर मोठं नाही. पण त्याबरोबर गाढवांच्या रांगेचं एक मोठं काम संपलं.

उरलं वीटभट्ट्यांचं काम आणि नदीची वाळू. पाठीवरून ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यांत गाढवाची मर्यादा ५० किलो. वीट अडीच-तीन किलोची धरली तर सोळा-वीस विटा. भट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशोबानं मिळत असेल तर कुणाचा हात वीस विटांवर थांबणार? हा दोष गाढव हाकणाऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. त्याच्या मजुरीचा दर कुणी ठरवला ते आधी बघावं लागेल. वाळूचंही तसंच. गोदाकाठी महसूल पथकानं वाळूसकट गाढवं जप्त केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. हायवा ट्रकांच्या रांगा रात्रभर नदी उपसतात आणि पकडलं जातं ते सहा गाढवं घेऊन निघालेलं कुटुंब.

आकडे सांगतात ते असं. २०१२ च्या पशुगणनेत देशात ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ मध्ये १ लाख २० हजार राहिली. सात वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त घट. महाराष्ट्रात २९ हजारांवरून १८ हजारांवर आली. राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात इथं घसरण सत्तर टक्क्यांच्या पुढं गेली, त्यामानानं आपली चाळीस टक्के म्हणजे कमीच. त्यामुळे २०१९ च्या यादीत राजस्थानच्या खालोखाल महाराष्ट्र आला. म्हणजे देशात उरलेल्या गाढवांचा मोठा साठा आज आपल्याकडं, माळेगाव-जेजुरीला येणाऱ्या याच घरांपाशी आहे.

ही घट केवळ यंत्रांमुळे झालेली नाही. चीनमध्ये गाढवाच्या कातड्यापासून एजियाओ नावाचं औषधी सरस करतात, आणि त्यासाठी जगभरातून दरवर्षी लाखो गाढवं मारली जातात. आफ्रिकेतली गाढवं इतकी झपाट्यानं संपू लागली की फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकन युनियननं कातड्याच्या या व्यापारावर खंडभर बंदीचा निर्णय घेतला. आपल्याकडं आंध्रात गाढवाच्या मांसाचा चोरटा धंदा आहे, आणि महाराष्ट्रातून गाढवं चोरीला गेल्याच्या तक्रारी होतात. बैल चोरीला गेला तर गाव गोळा होतं. गाढव गेलं तर पोलिसांत तक्रार लिहून घ्यायलाही दारात उभं राहावं लागतं, आणि त्या घराचा मात्र महिनाभराचा चुलीचा आधार गेलेला असतो.

दुधाचा मार्ग काही घरांनी धरला आहे. गाढवीण आणि शिंगरू घेऊन गल्लीगल्लीत फिरायचं, लहान मुलांना चमचाभर दूध पाजायचं आणि पैसे घ्यायचे. डांग्या खोकल्याला, अशक्तपणाला हे दूध चांगलं, असा जुना समज आहे. त्याला वैद्यकाचा भक्कम आधार नाही, आणि कच्चं दूध तान्ह्या मुलाला देणं धोक्याचंही असतं. तरी जी माणसं हे करतात ती जनावर विकत नाहीत, जगवतात, एवढं मला महत्त्वाचं वाटतं. गाढविणीचा गाभणकाळ वर्षभराचा आणि शिंगरू बहुधा एकच. कोंबड्या-शेळ्यांसारखी ही संख्या दोन वर्षांत भरून येणारी नाही.

हिमाचलचं स्पिती, गुजरातचं हालारी, कच्छी, या गाढवांची जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. त्यासाठी कर्नालच्या पशुअनुवंशिकी संस्थेकडं उंची, रंग, छातीचा घेर, खुरांचा आकार, ओझ्याची ताकद, कोणत्या समाजानं किती पिढ्या पाळलं याची माहिती जावी लागते. आपलं बुटकं, राखाडी, खांद्यावर काळा पट्टा असलेलं, काळ्या दगडाच्या खाणीतून वर येणारं गाढव अजून नुसतं ‘गावरान’ आहे. त्याची मापं घेण्याचं काम आपल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी हाती घ्यावं, आणि मापं घेताना जनावराच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही विचारावं. त्याच्या आजानं कुठल्या तळ्याची माती वाहिली, कुठल्या गावची भिंत बांधली, कुठल्या भरावावर किती खेपा टाकल्या, ते त्याला अजून सांगता येतं.